गोळी कोणत्या विषयात नापास झाली?

मागल्या महिन्यातील गोष्ट. तुळजापूर तालुक्यातील एका गावचे निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. पंचक्रोशी त्यांना गुरुजी म्हणते. मीही तेच म्हणतो. वय ६८, चार वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला. रक्ताचा अहवाल त्यांनी माझ्यासमोर ठेवला. एरवी साठ-पासष्टच्या घरात असणारे त्यांचे एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचणारे कोलेस्टेरॉल, १४८ वर गेले होते.

“गुरुजी, कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे ना?”

“बंद केली, डॉक्टर. दोन महिने झाले. ती गोळी नापास झाली म्हणे. विलायतेत हजारभर लोकांवर तपासली, काही उपयोग झाला नाही. पुण्याच्या पुतण्यानं बातमी पाठवली. मग उगीच पोटात औषध कशाला ढकलायचं?”

बातमी खरी होती. गोळीही त्याच घराण्यातली होती. परंतु ती परीक्षा गुरुजींच्या हृदयाची नव्हतीच. ती होती त्यांच्या पत्नीच्या आजाराची. ही गफलत एकट्या गुरुजींची नाही, म्हणून हा विषय आज सविस्तर मांडतो.

गुरुजींच्या पत्नींना मी ताई म्हणतो. त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार आहे. आपल्या मेंदूतील व मज्जारज्जूतील चेतातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते; विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टन असते तसे. या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच मायलिनवर हल्ला करते. आवरण उसवले की संदेश अडखळतो. कुणाची दृष्टी अंधुक होते, कुणाचा पाय जड पडतो, कुणाला लघवीवर ताबा राहत नाही. बहुतेक रुग्णांत आजार झटक्यांच्या रूपाने सुरू होतो. झटका येतो, काही आठवड्यांत ओसरतो, पुन्हा केव्हातरी येतो. काही वर्षांनंतर अनेकांत झटके कमी होतात, पण चालणे, उठणे, हाताने घास घेणे हळूहळू अवघड होत जाते. या टप्प्याला दुय्यम प्रगतिशील अवस्था म्हणतात.

ताईंचा पहिला झटका तिशीत आला होता. एका डोळ्याने दिसेनासे झाले. चष्म्याचा नंबर बदलून पाहिला. दोन वर्षांनी पाय बधिर झाला, तेव्हा गावातल्या कुणी बाहेरची बाधा सांगितली, कुणी मणक्याचे दुखणे. एमआरआय होऊन निदान व्हायला आणखी काही वर्षे गेली. हा आजार आपल्याकडचा नव्हे, तो थंड देशांतील गोऱ्या लोकांचा, अशी समजूत वैद्यकीय जगातही दीर्घकाळ होती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस डॉ. नोशीर वाडिया व त्यांच्या मुंबईतील सहकाऱ्यांनी पारशी समाजाचा अभ्यास केला, तेव्हा त्या समाजात हा आजार लक्षणीय प्रमाणात आढळला. त्याच दशकात, १९८५ मध्ये, मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था मुंबईत स्थापन झाली. पुण्यातही तिची शाखा आहे. पुढे एमआरआयची यंत्रे जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली आणि आपल्या गावाकडचे रुग्णही ओळखू येऊ लागले.

आता कोलेस्टेरॉलच्या गोळीचा आणि या आजाराचा संबंध कसा आला ते पाहू.

या गोळ्यांच्या घराण्याला स्टॅटिन म्हणतात. जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी हजारो प्रकारच्या बुरशी तपासल्या आणि तांदळावर सापडलेल्या एका बुरशीतून पहिले स्टॅटिन वेगळे केले. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या एका प्रमुख विकराला हे औषध रोखते. परंतु त्याच मार्गाने शरीरात इतरही काही द्रव्ये तयार होतात आणि रोगप्रतिकारक पेशींना त्यांची गरज असते. तेव्हा शास्त्रज्ञांच्या मनात प्रश्न आला, की ही गोळी त्या पेशींचा आवेशही थोपवील काय? २००२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार घडवून आणलेल्या उंदरांना अ‍ॅटोरव्हास्टॅटिन दिले. त्यांचा लुळेपणा कमी झाला.

उंदरानंतर माणसाची पाळी आली. २००४ मध्ये झटक्यांच्या अवस्थेतील ३० रुग्णांना सिम्व्हास्टॅटिन देऊन सहा महिने पाहिले गेले. एमआरआयवरील ताजे व्रण कमी झालेले दिसले, पण तुलनेसाठी गोळी न घेणारा दुसरा गट त्यात नव्हता. पुढे ३०७ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत इंटरफेरॉन या प्रचलित औषधाच्या जोडीला सिम्व्हास्टॅटिन देऊन पाहिले. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. जादा लाभ काहीच दिसला नाही.

आशा पुन्हा पालवली ती २०१४ मध्ये. इंग्लंडमध्ये डॉ. जेरेमी चॅटवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुय्यम प्रगतिशील अवस्थेतील १४० रुग्ण घेतले. निम्म्यांना रोज ८० मिलिग्रॅम सिम्व्हास्टॅटिन, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कुणाला कोणती, हे दोन वर्षे ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. या आजारात मेंदू निरोगी माणसापेक्षा लवकर आक्रसतो. साध्या गोळीच्या गटात तो वर्षाला सरासरी ०.५८ टक्के आक्रसला, स्टॅटिनच्या गटात ०.२९ टक्के. वेग जवळपास निम्मा. हालचालींच्या मोजपट्टीवरही थोडासा फरक दिसला.

ज्या अवस्थेसाठी हाती औषध जवळजवळ नव्हते, त्या अवस्थेसाठी ही बातमी होती. आणि औषध कोणते, तर तालुक्याच्या कुठल्याही औषध दुकानात मिळणारे, शेतकऱ्याच्या खिशाला परवडणारे. मी ती बातमी वाचली आणि, आज लिहिताना संकोच वाटतो, गुरुजींना ती हौसेने वाचून दाखवली. शेवटी म्हणालो, “सोलापूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांना एकदा विचारून घ्या. तशी गोळी जुनी आहे, फारसा अपाय नाही.”

गुरुजींनी माझे पहिले वाक्य सोडले आणि दुसरे धरले. चाळीसच्या दोन गोळ्या रोज रात्री सुरू झाल्या. मला पत्ता नव्हता. मी विचारलेही नाही.

तिसऱ्या महिन्यात ताईंच्या मांड्या दुखू लागल्या. त्या वेळी त्या काठी घेऊन न्हाणीघरापर्यंत जात असत. आता खाटेवरून उठताना दोघांचा आधार लागू लागला. घरच्यांना वाटले, आजार बळावला. मलाही पहिल्या दिवशी तसेच वाटले. दुसऱ्या दिवशी औषधांचा डबा मागवला, तेव्हा त्यात सिम्व्हास्टॅटिन निघाले आणि शेजारी मीच रक्तदाबासाठी लिहून दिलेले अ‍ॅम्लोडिपिन. या दोन औषधांची गाठ पडली की रक्तातील सिम्व्हास्टॅटिनचे प्रमाण वाढते. म्हणूनच अ‍ॅम्लोडिपिन घेणाऱ्याला सिम्व्हास्टॅटिन दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर देऊ नये, असा दंडक आहे. शिवाय ८० मिलिग्रॅम ही मात्राच स्नायूंना इजा करू शकते, म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०११ मध्येच ती नव्याने कुणाला सुरू करू नये असे बजावले होते. ताईंच्या रक्तातील स्नायूंच्या इजेचे माप, सीपीके, कितीतरी पटींनी वाढलेले होते. गोळी थांबवली. पूर्वीइतके चालायला त्यांना दीड महिना लागला.

माझी चूक ठळक होती. ‘फारसा अपाय नाही’ हे वाक्य डॉक्टरने हवेत सोडायचे नसते. अपाय आहे की नाही, हे कोणत्या माणसाला, किती मात्रेत, कोणत्या इतर औषधांच्या संगतीत, यावर ठरते. आणि ज्या आजाराचे लक्षणच अशक्तपणा, त्या आजारात औषधाने आलेला अशक्तपणा सहज दडून जातो. काळजीवाहकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. स्टॅटिन घेणाऱ्या माणसाचे स्नायू अकारण दुखू लागले, दुबळे झाले किंवा लघवी चहासारखी गडद झाली, तर ते वयावर वा जुन्या आजारावर न ढकलता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

गुरुजींनी त्या वेळी मला विचारले होते, “मग पेपरात आलेलं खोटं होतं का?” खोटे नव्हते, अपुरे होते. त्यांच्याच भाषेत सांगायचे, तर एका तुकडीच्या घटक चाचणीवरून बोर्डाचा निकाल लावता येत नाही. शिवाय त्या चाचणीने प्रामुख्याने मेंदूचा आकार मोजला होता. अक्षर सुधारले म्हणजे गणित आले असे होत नाही; मेंदू कमी आक्रसला म्हणजे माणूस जास्त चालेल असेही गृहीत धरता येत नाही. ते वेगळे तपासावे लागते.

आणि तसे ते तपासले गेले. त्याच संशोधकांनी ब्रिटनमधील ३१ रुग्णालयांतून ९६४ रुग्ण निवडले. पुन्हा निम्मे-निम्मे गट, पुन्हा रोज ८० मिलिग्रॅम, आणि अनेकांच्या बाबतीत साडेचार वर्षांपर्यंत देखरेख. जुन्या, स्वस्त झालेल्या औषधावर इतका खर्च करण्यात औषध कंपन्यांना रस नसतो. हा पैसा मुख्यत्वे सरकारी संशोधन निधीतून आणि रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या देणग्यांतून उभा राहिला. या वेळी मुख्य प्रश्न थेट होता: माणसाचे अपंगत्व वाढण्याचा वेग मंदावतो का?

निष्कर्ष सप्टेंबर २०२४ मध्ये कोपनहेगनच्या परिषदेत जाहीर झाले आणि २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात सविस्तर प्रसिद्ध झाले. साध्या गोळीच्या गटातील ३६ टक्के रुग्णांचे अपंगत्व वाढले, सिम्व्हास्टॅटिनच्या गटातील ४० टक्के रुग्णांचे. हा चार टक्क्यांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. म्हणून गोळीने आजार वाढवला असे म्हणता येत नाही. पण तिने तो रोखला नाही, हे मात्र निश्चित झाले.

गुरुजींच्या पुतण्याने पाठवलेली बातमी ती हीच. ती वाचून गुरुजींनी ताईंच्या नव्हे, स्वतःच्या डब्यातली गोळी काढून टाकली.

मी त्यांना १९९४ सालची गोष्ट सांगितली. युरोपच्या उत्तरेकडील देशांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले अथवा छातीत कळ येणारे ४,४४४ रुग्ण घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ एक चाचणी झाली. औषध हेच, सिम्व्हास्टॅटिन. मात्रा २० ते ४० मिलिग्रॅम. साध्या गोळीच्या गटातील २५६ माणसे त्या काळात दगावली, स्टॅटिनच्या गटातील १८२. गट जवळपास सारखेच होते. त्यानंतर याच घराण्यातील इतर औषधांच्याही चाचण्या झाल्या आणि हृदयरुग्णांच्या बाबतीत निकाल पुन्हा पुन्हा तोच आला. गुरुजी घेतात ते अ‍ॅटोरव्हास्टॅटिन. तेही त्यातलेच एक.

“म्हणजे,” गुरुजी म्हणाले, “पोरगं एका विषयात नापास झालं आणि मी त्याला शाळेतूनच काढलं.”

“आणि २०१४ मध्ये आपण दोघांनी मिळून परीक्षा व्हायच्या आधीच त्याला वरच्या वर्गात घातलं होतं.”

ते हसले, पण बराच वेळ अहवालाकडे पाहत राहिले. स्टेंट बसलेल्या माणसाने दोन महिने स्टॅटिन बंद ठेवणे ही हसण्याची गोष्ट नाही, हे त्यांना कळले होते. गोळी त्याच रात्री पुन्हा सुरू झाली.

चार दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. ताई आता चाकाच्या खुर्चीत असतात. बोलणे थोडे संथ झाले आहे, स्मरण पक्के आहे. त्यांनी मला सरळ विचारले, “यांची गोळी यांना मिळाली. मग माझ्यासाठी काय?”

याचे उत्तर देताना मी काही लपवले नाही. झटक्यांच्या अवस्थेसाठी आज अनेक प्रभावी औषधे आहेत. ज्यांना तरुण वयात निदान झाले असेल त्यांनी मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाऊन ती वेळेवर सुरू करावीत, उशीर करू नये. प्रगतिशील अवस्थेसाठी औषधे थोडी आहेत आणि ती निवडक रुग्णांनाच लागू पडतात. ब्रिटनमधील ती मोठी चाचणीदेखील आधाराने का होईना, पण चालू शकणाऱ्या रुग्णांची होती. ताईंसारख्या रुग्णाचा प्रश्न तिने विचारलाच नव्हता. मात्र औषधाने आजार रोखता येत नाही, याचा अर्थ करण्याजोगे काही उरले नाही असा होत नाही.

पहिली गोष्ट उष्णतेची. या आजारात अंगाचे तापमान किंचित वाढले तरी उसवलेल्या तंतूंतून संदेश आणखी अडखळतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या घरात दुपार भट्टीसारखी तापते. त्या दिवसांत ताईंचे हात चालेनासे होतात, नजर धूसर होते. ही आजाराची नवी वाढ नसते. अंग थंड झाले की बहुधा पूर्ववत होते. म्हणून घरातील सर्वांत थंड खोली रुग्णाची असावी. मानेवर व मनगटांवर ओला पंचा ठेवावा, आंघोळ कोमट नव्हे तर साध्या पाण्याने घालावी, व्यायाम सकाळी ऊन चढण्यापूर्वी उरकावा. टँकरच्या दिवसांत पाणी जपून वापरावे लागते हे मी जाणतो. पण ओल्या पंचाला तांब्याभर पाणी पुरते.

दुसरी गोष्ट लघवीची. रुग्ण एकाएकी खालावला, पाय अधिक ताठरले, गुंगी आली, तर आजार वाढला असे समजण्यापूर्वी लघवी तपासून घ्यावी. जंतुसंसर्ग हे त्याचे फार नेहमीचे कारण असते. ओले होण्याच्या भीतीने पुष्कळ रुग्ण पाणी पिणेच सोडतात आणि संसर्गाला निमंत्रण देतात. त्यांना दिवसभर थोडे थोडे पाणी पाजत राहावे.

तिसरी गोष्ट त्वचेची. खाटेवरील रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी. खुर्चीत बसणाऱ्याला अधूनमधून उचलून दाब मोकळा करावा. माकडहाड, टाचा आणि नितंब रोज उजेडात पाहावेत. लाल डाग दाबूनही फिका होत नसेल, तर ती शय्याव्रणाची सुरुवात समजावी. पाय ताठरू नयेत म्हणून सांधे रोज हळुवार ताणावेत. हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घेतले की घरच्या माणसाला जमते. गिळताना ठसका लागत असेल, तर रुग्णाला ताठ बसवून लहान घास भरवावेत आणि डॉक्टरांना सांगावे.

चौथी गोष्ट हक्काची. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात मल्टिपल स्क्लेरोसिसचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करून जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात तपासणी करून घेता येते. ताईंचे प्रमाणपत्र निघायला उशीर झाला, कारण हा आजार त्या यादीत आहे हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

आणि पाचवी गोष्ट स्वतः काळजीवाहकाची. गुरुजी बावीस वर्षांपासून ताईंना उचलतात, बसवतात, भरवतात. त्यांच्या हृदयाची गोळी ही ताईंच्याही उपचाराचा भाग आहे. ते पडले तर ताईंना कूस कोण बदलून देणार? हे मी ताईंसमोर बोललो, तेव्हा त्या गुरुजींकडे पाहून म्हणाल्या, “आता रोज रात्री मीच विचारीन, घेतली का म्हणून.”

निघताना गुरुजींनी पुतण्याचा नवा संदेश दाखवला. ब्रिटनमध्ये आता याच आजारावर मेटफॉर्मिन तपासत आहेत, ही बातमी. मेटफॉर्मिन म्हणजे मधुमेहाची नेहमीची गोळी. आपल्यापैकी कितीतरी घरांत ती असेल. ही बातमीही खरी आहे. ऑक्टोपस नावाची ती चाचणी चालू आहे, आणि ‘चालू आहे’ याचा अर्थ उत्तर अजून आलेले नाही.

“ही गोळी शेजारच्या आबांकडं आहे,” गुरुजी म्हणाले, “पण मागणार नाही.”

मग त्यांनी औषधांचे दोन डबे दाखवले. पूर्वी सगळे एकाच डब्यात असायचे. आता प्रत्येक पाकिटावर शाळेतल्या वहीवर लावतात तशी चिठ्ठी चिकटवली होती आणि तिच्यावर त्यांच्या सुवाच्य अक्षरात तीन ओळी होत्या: औषधाचे नाव, कोणासाठी, कशासाठी. वाचकांनीही आज रात्री आपल्या घरचा डबा उघडून तशा चिठ्ठ्या लिहून पाहाव्यात. ज्या गोळीची तिसरी ओळ लिहिता येणार नाही, ती गोळी मनाने बंद करू नये आणि मुकाट्याने चालूही ठेवू नये. ती घेऊन डॉक्टरांकडे यावे आणि ती ओळ त्यांच्याकडून भरून घ्यावी.